डावा पाय

अण्णांना स्ट्रोक आला तेव्हा त्यांच्या एसटीतल्या नोकरीची सहा वर्षं बाकी होती. जीव वाचला, बोलणंही बऱ्यापैकी परत आलं. डावा हात आणि डावा पाय मात्र पूर्वीसारखे झाले नाहीत. भेटायला येणारे म्हणायचे, ‘उजवी बाजू शाबूत आहे, नशीब समजा.’ ड्रायव्हरच्या घरात हे वाक्य बोलू नये. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय.

मला विमानांचं वेड त्यांनीच लावलं. 1 ऑक्टोबर 2017ला काकडी गावात शिर्डीचं विमानतळ सुरू झालं. त्या दिवाळीत ते मला मोटरसायकलवर नगरहून तिकडं घेऊन गेले. रस्त्याकडेला उभं राहून आम्ही मुंबईहून आलेलं एटीआर उतरताना पाहिलं. दोन इंजिनं, दोन मोठे पंखे. अण्णा म्हणाले, ‘एक बंद पडलं तर दुसरं आहेच की.’

मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

नंतर पगारातून जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर एक्स-प्लेन 11 टाकलं. मित्र त्याला गेम म्हणतात. पण त्यात विमानाचे पंख आणि पंख्याची पाती यांचे छोटे छोटे तुकडे कल्पून प्रत्येकावर हवेचा किती जोर येतो, याचा हिशोब सतत चालू असतो. त्यामुळे विमान चुकीला माफ करत नाही. मी बीचक्राफ्ट बॅरन 58 उडवायला लागलो. दोन इंजिनं, प्रत्येकी 300 हॉर्सपॉवर. टेकऑफनंतर मुद्दाम एक इंजिन बंद पाडायचं आणि काय होतं ते बघायचं. पहिल्या आठवड्यात मी दर वेळी आपटलो.

एक इंजिन गेलं की अर्धी ताकद जाते, पण वर चढायची क्षमता साधारण 80 टक्के जाते. कारण बरीचशी ताकद विमानाला नुसतं हवेत धरून ठेवण्यातच खर्च होते. चढायला उरते ती वरकड, आणि नेमकी तीच जाते. वर चालू इंजिन एकाच बाजूनं ओढत असल्यामुळे नाक बंद इंजिनाकडे वळतं. ते सरळ ठेवायला विरुद्ध बाजूचं पेडल दाबून धरावं लागतं. डावं इंजिन गेलं तर उजवा पाय. जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलं, अशी वैमानिकांची खूण आहे. मग त्या पंख्याची पाती धारेवर वळवायची, म्हणजे ती वारा अडवत नाहीत, आणि वेग 101 नॉटवर धरायचा. स्पीडोमीटरवर तिथं निळी रेघ असते.

84वर लाल रेघ असते. त्याखाली वेग गेला आणि चालू इंजिन फुल्ल असलं, तर पाय कितीही दाबला तरी पुरत नाही. विमान कुशीवर वळून उलटं होतं. हे मला फार उशिरा कळलं: विमान उलटवतं ते मेलेलं इंजिन नाही, चालू असलेलं.

घरात तेव्हा चालू इंजिन मी होतो. सकाळी नागापूर एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, संध्याकाळी सात ते अकरा दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये. दवाखान्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता होता. आई म्हणायची, जरा दमानं घे. मी म्हणायचो, मी नाही तर कोण? एका रात्री मनमाड रोडवर गाडी चालवताना डुलकी लागली. मागच्या ट्रकच्या हॉर्ननं जाग आली, तेव्हा मी डिव्हायडरपासून हातभर लांब होतो. घरी सांगितलं नाही.

पेडल मी वर्कशॉपच्या भंगारातून बनवली. लोखंडी अँगल, मोटरसायकलच्या स्प्रिंगा, दोन सेन्सर आणि एक आर्दुइनो बोर्ड. ती बघून अण्णा पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या खुर्चीत बसले. शिर्डीहून उडालो की पश्चिमेला अकोल्याकडे जायचं, हा आमचा रविवारचा रूट झाला. या भागात त्यांनी वर्षानुवर्षं गाडी चालवली होती. ‘ही प्रवरा. इथं राजूर. हे भंडारदऱ्याचं पाणी, आता पुढं कळसूबाई येणार.’ कळसूबाई 1646 मीटर. ते आधीच उंची वाढवून ठेवायचे. घाट आला की गिअर आधी टाकायचा, घाटात नाही, असं म्हणायचे.

इंजिन बंद पाडायचा खेळही त्यांना शिकवला. दर वेळी मी डावंच बंद करायचो. तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, ‘नेहमी डावंच का रे?’

मी पुस्तकातलं सांगितलं. बॅरनचे दोन्ही पंखे घड्याळाच्या दिशेनं फिरतात. चढताना उजवीकडून खाली येणारं पातं जास्त ओढतं, म्हणून उजव्या इंजिनाची ओढ मध्यापासून जास्त लांब पडते. त्यामुळे डावं जाणं जास्त अवघड. सगळं खरं होतं. तरीही ते खोटं होतं, आणि त्यांनी ते ओळखलं.

‘उजवं बंद कर.’

धावपट्टी सोडून विमान थोडं वर आलं आणि मी बटण दाबलं. नाक उजवीकडे फिरलं. डावा पाय हवा होता. अण्णांची मांडी हलली, पेडल अर्धंच गेलं. वेग उतरत होता. 95, 90. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायला वाकलो, तोवर त्यांनी उजव्या हातानं चालू इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढला आणि मग नाक खाली केलं. विमान सरळ झालं. समोरच्या मोकळ्या रानात ते उतरलं. चाकं मोडली, पण उलटं झालं नाही.

पुस्तकातही हेच लिहिलंय. मी त्यांना ते पान अजून शिकवलं नव्हतं.

‘तुम्हाला कसं कळलं?’

‘त्यात काय कळायचं,’ अण्णा म्हणाले. ‘पाय पुरत नसेल तर रेस सोडायची.’

मी थोडा वेळ गप्प बसलो. मग त्यांना मनमाड रोडवरचं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. आईला हाक मारून हिशोबाची वही मागवली. रात्रीचं काम सोडलं तर हप्त्याला महिन्याला किती कमी पडतात, ते आम्ही तिघांनी मांडून बघितलं. बरेच कमी पडत होते. आई म्हणाली, मुदत वाढवून मागू. अण्णा म्हणाले, मोटरसायकल विकू, मला आता तिचा काय उपयोग.

काकडीला गेलो होतो तीच ती मोटरसायकल. पुढच्या महिन्यात विकली. आता रात्री साडेसातला मी घरी असतो. अण्णा अजूनही उजवंच इंजिन बंद करायला लावतात. पेडल अर्ध्याच्या थोडं पुढं जातं.