हत्यारांचा वाडा

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्याचे चार शब्दांत वर्णन करावे, न्यूयॉर्कच्या इमारतींकडे पाहताना मान कशी अवघडते ते सांगावे आणि शेवटी ‘पण आपले ते आपलेच’ असे म्हणून वरणभाताकडे वळावे, असा आपल्याकडे एक दंडकच पडून गेला आहे. तो मोडण्याचा माझा मुळीच विचार नव्हता. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यू जर्सीला मेहुण्याकडे उतरलो असताना एका शुक्रवारी रात्री तो म्हणाला, “भाऊजी, उद्या तुम्हाला हत्यारं दाखवायला नेतो.”

आमची सौभाग्यवती घाबरली. “अरे, बंदुका कसल्या दाखवतोस त्यांना? एक तर ह्यांना फटाक्याचा आवाज सहन होत नाही.”

“बंदुका नाहीत गं ताई. करवती, रंधे, पाने.”

गंमत पाहा. हत्यार म्हटले की आम्हां पांढरपेशांच्या डोळ्यांपुढे तलवार उभी राहते, आणि सुताराच्या डोळ्यांपुढे पटाशी. शब्द एकच, पण त्याचा अर्थ माणसाच्या हातावर ठरतो. मराठी शिकवण्यात आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्याला तेवढे कुतूहल पुरेसे होते. मी निघालो.

डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया राज्य लागते. तेथून झाडीतल्या वळणावळणांच्या रस्त्याने गेले की बक्स परगण्याचे मुख्य ठिकाण येते, डॉइल्सटाउन. फिलाडेल्फियाहून उत्तरेकडे येणारी एक आगगाडी येथेच थांबते. पुढे जात नाही. टुमदार, झोपाळू गाव. विटांची जुनी घरे, दारांत फुलझाडे, कोपऱ्यावर कॉफीचे दुकान. आणि अशा गावात एकाएकी समोर येतो एक करडा, अजस्र, बुरुजा-धुराड्यांचा वाडा. एखाद्या सरदाराने युरोपातून उचलून आणून ठेवावा तसा. जवळ जाऊन हात लावला तर दगड नव्हेच! पायापासून कौलापर्यंत सारे सिमेंट-काँक्रीट. हेच मर्सर म्युझियम.

हेन्री चॅपमन मर्सर हा गृहस्थ १८५६ साली याच गावात जन्मला. हार्वर्डला शिकला, मग कायद्याचा अभ्यास केला, सनद मिळवली आणि वकिली मात्र केली नाही. पुढे पुरातत्त्वाचा नाद लागला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याने काही वर्षे काम केले. जमीन खणून हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाची दगडी अवजारे शोधायची, हा त्याचा व्यवसाय. आणि अशा माणसाला १८९७ साली घरातल्या शेकोटीसाठी एक जुना चिमटा हवा झाला. गावाजवळच्या एका मोडीतल्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे तो गेला. तेथे ढीग पडला होता: जवस कुटण्याची यंत्रे, मिठाच्या पेट्या, लोखंडी भांडी, नाना तऱ्हेची हत्यारे. आजोबा-पणजोबांनी ज्यांच्यावर संसार केले, त्या वस्तू कारखान्यातला माल आल्यामुळे मोडीत निघाल्या होत्या. मर्सरच्या मनात विचार आला, की पुराणवस्तू शोधायला जमीन कशाला खणायची? ती येथे, डोळ्यांपुढेच नाहीशी होत आहे! इतिहास जुन्याकडून नव्याकडे न वाचता आजपासून मागे वाचत गेले तर?

तेव्हापासून त्याने झपाटल्यासारखी हत्यारे गोळा केली. त्याच वर्षी गावातल्या इतिहास मंडळात त्यांचे प्रदर्शनही मांडले. नाव ठेवले ‘राष्ट्र घडवणाऱ्याची हत्यारे’. राष्ट्र घडवणारे म्हणजे सेनापती आणि अध्यक्ष, असे समजणाऱ्या मंडळींना करवत आणि कुऱ्हाड पाहून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. शेवटी संग्रह सुमारे तीस हजार वस्तूंवर गेला. त्यासाठी १९१३ ते १९१६ या तीन वर्षांत हा वाडा उभा राहिला. स्थपती मर्सर स्वतःच. हाताखाली आठदहा मजूर आणि काँक्रीट वर ओढायला ल्यूसी नावाची एक घोडी. त्याच्या लाडक्या कुत्र्याचे पंजे जिन्याच्या ओल्या सिमेंटात उमटले, तेही तसेच ठेवले आहेत.

पण काँक्रीटच का? त्याच्या मावशीजवळ मध्ययुगीन चिलखतांचा मोलाचा संग्रह होता. १८७२ साली बोस्टन शहराला मोठी आग लागली, तीत तो भस्मसात झाला. मर्सर तेव्हा सोळा वर्षांचा होता. पोरवयात बसलेला तो चटका त्याच्या साऱ्या बांधकामात उतरला आहे. जवळच त्याने स्वतःसाठी बांधलेले घरही काँक्रीटचेच.

आत पाऊल टाकले आणि मी प्रथम वर पाहिले. पाहावेच लागते. मधला चौक थेट छपरापर्यंत मोकळा आहे आणि त्या पोकळीत वस्तू टांगलेल्या आहेत. उतारूंची घोडागाडी टांगलेली, देवमाशाच्या शिकारीची अख्खी होडी टांगलेली. पाळणे, खुर्च्या, पिंपे, टोपल्या, बर्फावरच्या घसरगाड्या, सारे अधांतरी. आमच्या सौभाग्यवतीने दोन पावले मागे घेतली. “पडायचं नाही ना काही?” मेहुणा म्हणाला, “शंभर वर्षांत पडलं नाही ताई, आज कशाला पडेल?”

मला वाटते, यात निव्वळ विक्षिप्तपणा नाही. रोज पायाखाली असलेली वस्तू कोणी पाहत नाही. तीच डोक्यावर टांगली की माणूस मान वर करून तिच्या सांध्यांकडे, वळणांकडे पाहू लागतो.

चौकाभोवती मजल्यामजल्यांवर लहान लहान खोल्या आहेत. एकेका धंद्याला एकेक. घड्याळजी, चांभार, टोपीवाला, पिंपे करणारा, चाके करणारा, कासवाच्या पाठीच्या फण्या करणारा. काचेआड त्या त्या कारागिराचे सामान असे दाटीने मांडले आहे, की तो आता पान खाऊन परत येईल असे वाटावे. सुतारकामाच्या दालनाशी मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. पाट्या इंग्रजी होत्या. पण मी आपला मराठीत वाचत सुटलो. हा वाकस. ही पटाशी, हे किकरे. हा रंधा, हे गिरमिट, हा गुण्या, हा ओळंबा. शेजारी लोहाराकडे ऐरण, घण, सांडशी, भाता. सातासमुद्रांपलीकडे ओळखीची माणसे भेटावीत तसे झाले. मर्सरलाही हेच कोडे पडले होते. १९२९ साली त्याने जुन्या सुतारी हत्यारांवर पुस्तक लिहिले, त्यात एकेका हत्याराचे कूळ तो थेट रोमन काळापर्यंत नेऊन भिडवतो. एवढ्यावर न थांबता त्याने रुडॉल्फ हॉमेल नावाच्या माणसाला चीनमध्ये पाठवले. अमेरिकेत जी हत्यारे भिंतीवर गेली, त्यांचे भाऊबंद तेथे अजून राबत होते. हॉमेलने अनेक वर्षे हिंडून त्यांची छायाचित्रे घेतली, वापर टिपून ठेवला. त्याचे पुस्तक १९३७ साली निघाले. पण ते पाहायला मर्सर नव्हता. १९३० साली तो वारला होता.

मर्सरचा हा नाद पुढे पुष्कळांना लागला. १९३३ साली जुन्या हत्यारांच्या शौकिनांनी तेथे एक संस्थाच काढली, ती आजही चालू आहे. कोणी नुसते रंधे जमवतात. स्टॅन्ले कंपनीच्या एक नंबरच्या रंध्यासाठी, जो जेमतेम साडेपाच इंच लांब असतो, शौकीन लोक जीव टाकतात. कोणी मोटारींचे आणि यंत्रांचे पानेच जमवतात आणि घरातल्या भिंतीवर लहानमोठ्या क्रमाने लावतात. त्यांच्यात वादही आहेत. गंज काढावा की राहू द्यावा? मूठ घासून चकचकीत करावी की वर्षानुवर्षांच्या तळव्याचा काळसर तुकतुकीतपणा तसाच ठेवावा? जाणते लोक दुसऱ्या पक्षाचे.

परतताना एका जुन्या बाजारात मेहुण्याने गाडी थांबवली. तेथे एका टेबलावर पान्यांची रास होती. मी एक विलायती पाना उचलला. त्यावर अर्ध्या इंचाचा आकडा होता आणि जबडा तर इंचाला थोडाच कमी! मेहुणा म्हणाला, “आकडा चुकलाय.” मी म्हटले, “नाही. हा व्हिटवर्थचा पाना.”

ही विद्या मला माझ्या वडिलांकडून मिळालेली. ते गिरणगावातल्या एका कापड गिरणीत फिटर होते. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनियराने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले. त्या पद्धतीच्या पान्यावर जबड्याची रुंदी नसते, बोल्टाची जाडी असते. अर्ध्या इंचाच्या बोल्टाचा पाना मोजला तर ०.९२ इंच भरतो. मुंबईच्या गिरण्यांतली यंत्रे लँकेशायरहून आलेली, तेव्हा पानेही तसेच. पुढे १९५६ साली आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा झाला, मिलिमीटरचे पाने आले. वडिलांच्या पेटीत दोन्ही राज्ये नांदत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर आमच्या वडिलांची गिरणी पुन्हा धड चालली नाही. पेटी घेऊन ते शिवणयंत्रे दुरुस्त करीत हिंडू लागले, आणि त्या पेटीवर आम्ही भावंडे शिकलो.

त्या पेटीत एक पाना आहे. त्याचा जबडा एका बाजूने कानशीने घासून पातळ केलेला आहे. कुठल्याशा यंत्रात नट अशा बोळात बसला होता, की साधा पाना शिरत नव्हता. म्हणून हा असा केला. शौकिनांच्या बाजारात असल्या पान्याला किंमत नाही; तो बिघडलेला. मला मात्र पेटीतला तोच सर्वांत शहाणा वाटतो, कारण त्याच्यात एका माणसाचा विचार आहे. पण तो कुठल्या यंत्रासाठी घासला, हे सांगणारे कोणी आज उरलेले नाही. आणि परळच्या बाजूला, जेथे गिरण्या होत्या तेथे, झकपक उपाहारगृहांच्या भिंतींवर दातेरी चाके आणि पाने टांगलेले मी पाहतो. मर्सरनेही टांगलेच, मग त्याचे पाहून मन भरून का यावे आणि हे पाहून घास का अडकावा? मर्सरच्या वाड्यात प्रत्येक वस्तूला नाव आहे, काम आहे, धंदा आहे. उपाहारगृहात ती नुसती शोभा आहे.

आपल्याकडे अशी माणसे झालीच नाहीत, असे मात्र नाही. मर्सरचा वाडा उठत होता त्याच सुमारास, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाले. त्याने सिमेंटात केले ते यांनी शब्दांत केले. बलुतेदारांचे सारे जग कागदावर उतरवले. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती असल्या घरगुती वस्तू हयातभर वेचल्या आणि १९७५ साली तो संग्रह सरकारच्या हवाली केला. मोल्सवर्थच्या कोशात सुताराची, लोहाराची कितीतरी हत्यारे शब्दरूपाने सुरक्षित आहेत. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. मी वर्गात त्यातले शब्द फळ्यावर लिहितो, तेव्हा साठ मुलांत ‘किकरे’ ओळखणारा एखादा निघतो. आणि त्याला ते सांगायची लाज वाटते!

तरीही आपल्याकडे जुनी हत्यारे फारशी राहिली नाहीत, याचे कारण निव्वळ अनास्था नव्हे. आपल्याकडे लोखंड मरत नाही. झिजलेल्या कानशीचा सुरा होतो, सुऱ्याचा विळा होतो. हत्यार जपायचे ते पुढच्या कामासाठी; शोभेसाठी नव्हे. वर्षातून एकदा खंडेनवमीला ते धुऊन पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूचे फूल ठेवायचे, की दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला. आमच्या घरी वडील त्या दिवशी प्रत्येक पाना हातात घेऊन पुसत आणि त्याचे माप मोठ्याने म्हणत. आमचे संग्रहालय वर्षातून एकच दिवस उघडे असे. पण तेथे माहिती सांगणारा होता.

तो सांगणाराच आता घरोघरचा उठून चालला आहे. वस्तू काय, भंगारवाल्याच्या तराजूत गेली तरी वितळून दुसरी होईल. नाव आणि वापर मात्र वितळून दुसरे काही होत नाही. त्यासाठी वाडा बांधायला नको. एक चिठ्ठी आणि दोरा पुरतो. हे काय, कोणाचे, कशासाठी; तीन ओळी लिहाव्यात आणि बांधून टाकाव्यात. वाचकहो, दिवाळीची साफसफाई एव्हाना आपण उरकली असेल. पण माळा कोठे जात नाही, आणि फराळाला जमलेल्या मंडळींत एखादे आजोबा, एखादे काका अजून असतील, ज्यांच्या हाताने ते हत्यार चालवले आहे. चिवड्याची बशी त्यांच्यापुढे ठेवावी, पेटी खाली उतरवावी आणि विचारावे.