आत या, बाई

पूर दारातून येतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरात तो कधी शिरलेला नसतो. आमच्याकडे तो मोरीतून आला. २०१९चा ऑगस्ट, रात्रीचे दोन-अडीच. न्हाणीघरात कुणीतरी गुळण्या करतंय असा आवाज येऊ लागला. दिवा लावला, तर मोरीच्या जाळीतून काळं पाणी वर येत होतं. कोल्हापुरात शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला आमचं घर. पहाटेपर्यंत खाटेचे पाय बुडाले आणि सकाळी सासूबाईंना होडीत बसवायची वेळ आली. त्या बसेनात. "मी न्हाई येत. माझं डबं हाईत वर," एवढंच. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३.

हे आकडे मी झोपेतही सांगेन. चिखल निघाला, भिंतींची ओल हळूहळू गेली, पण पावसाळा लागला की माझा हात फोनवरून निघेना. राधानगरीच्या ७ स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले, अलमट्टीतून विसर्ग किती, बंधाऱ्यावर आत्ता किती फूट किती इंच. २०२१च्या जुलैत पाणी परत आलं, तेव्हा आम्ही आधीच नणंदेकडे जाऊन राहिलो होतो. गंमत म्हणजे खरा त्रास त्यानंतर, कोरड्या ठणठणीत हिवाळ्यात सुरू झाला. नववीच्या वर्गात फळ्यावर प्रमेय लिहिताना खडू हातातून गळाला. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना. आपण आता जातो, अशी खात्री. ईसीजी नॉर्मल निघाला. नंतर ध्यानात आलं, वर्गाबाहेरचा टाकीचा पाइप गुडगुडला होता.

मनोविकारतज्ज्ञांकडे जायला मी पाच महिने लावले. 'मन घट्ट करा' हे मात्र न मागता रोज मिळत होतं. घट्ट करायचं म्हणजे नेमकं काय पिळायचं, ते कुणी सांगत नव्हतं. डॉक्टरांनी 'पॅनिक अटॅक' असं नाव सांगितलं, गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "धडधड म्हणजे संकट, असं तुमच्या शरीरानं पाठ केलंय. नुसती धडधड झाली आणि पुढं काहीच झालं नाही, असं त्याला पुष्कळदा दाखवावं लागेल." जिना चढा, दोरीच्या उड्या मारा म्हणाले. मी दोरी आणली. ती खुंटीवर राहिली.

माझी लेक तेव्हा सहावीत होती आणि शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या पटांगणात मर्दानी खेळ शिकायला जायची. तिला सोडून मी कठड्यावर वह्या तपासत बसायची. वस्ताद साठीच्या पुढचे, बुटके, आवाजही खालचा. त्यांचा पुतण्या माझा विद्यार्थी, म्हणून मी त्यांचीही बाईच. दिवाळीच्या सुट्टीत ते एकदा समोर येऊन उभे राहिले. "बाई, वह्या घरी बी तपासता येत्यात. लाठी घ्या की."

लेकीनं डोळ्यांनी 'नको' म्हटलं. मी घेतली.

घेतली म्हणजे नुसती धरली. पहिले पंधरा दिवस लाठी बाजूलाच आणि मी पवित्रे टाकतेय. उजवा पाय पुढं, गुडघ्यात बाक, वळण, परत जागेवर. शेजारी आठ वर्षांच्या पोरी हलगीच्या तालावर भिंगऱ्यांसारख्या फिरत होत्या आणि मी सेहेचाळिसाव्या वर्षी डावा-उजवा शोधत होते. मग लाठी फिरवायला लागले. कोपराला बसली, घोट्याला बसली, कानाला तर रोज. फिरवताना मनात दुसरं काही आलं की बसलीच.

यानं मन रिकामं होतं असं म्हणतात. होतं, खोटं कशाला सांगू? पण गाडी गंगावेशीत येईपर्यंत ते पुन्हा भरायचं. मन रिकामं करायला भांडी घासली तरी चालतं. मला जे मिळालं ते चार महिन्यांनी, वस्तादांनी मला जोडीला उभं केल्यावर.

समोर वस्ताद स्वतः. त्यांची लाठी डोक्यावरून सावकाश, सांगून-सवरून येत होती, मी ती अडवायची होती. लाठी निघाली की मी अर्धं पाऊल मागं जायची. दर वेळी. आणि दर वेळी तिचं टोक मला कुठंतरी चाटून जायचं, नडगीवर, बोटांवर. झणझणायचं.

"बाई, मागं का सराय लागलायसा?"

"लागेल म्हणून."

"मागं सरला की टोक बसतंय. टोकातच सगळा जोर असतोय. आत या."

वीस वर्षं वर्तुळ शिकवतेय मी. फिरत्या लाठीची मूठ आणि टोक एकाच वेळात फेरी पुरी करतात. टोकाला मोठा घेर कापायचा असतो, म्हणून त्याचा वेग जास्त. त्रिज्या कमी केली की मार कमी. फळ्यावर हे दोन ओळींत सिद्ध होतं. पायांना ते पटवायला पुढचे तीन आठवडे गेले. एका शनिवारी लाठी निघाली आणि मी डोळे मिटून का होईना, पुढं गेले. मुठीजवळचा बांबू माझ्या हातावर ठप्प बसला. एवढंच. मी तशीच उभी होते, वस्तादांच्या घामाचा वास येईल इतकी जवळ.

"आता डोळं उघडून," ते म्हणाले.

घरी आल्यावर बाही वर करून बघितलं. रुपयाएवढा डाग. पुढचे आठ-दहा दिवस मी तो निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा होताना बघत होते, कौतुकानंच म्हणा ना. जिला मी इतकी घाबरत होते, ती एवढी होती. पंचगंगेचे फूट-इंच मला पाठ होते, पण त्या आकड्यांनी भीती कधी मोजली गेली नव्हती. उलट दर इंचाला ती फुटाफुटानं वाढायची.

डॉक्टरांचं वाक्य मला बऱ्याच उशिरा, हलगीनं घाई धरली त्या संध्याकाळी आठवलं. दुहाती फेरा संपवून मी खाली बसले होते. छातीत तीच धडधड. बोटांना त्याच मुंग्या. श्वास तसाच तोकडा. हे सगळं नववीच्या वर्गातलंच, एकही गोष्ट कमी नाही. फक्त शेजारी लेक लालबुंद चेहऱ्यानं पाणी ढोसत होती आणि मला बाटली देत म्हणत होती, "आई, तुझा अंबाडा सुटलाय."

लगेच बरी झाले नाही. गोळ्या दीड वर्ष घेतल्या, त्याही डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं कमी केल्या. लाठीमुळं गोळ्या सुटतात असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मधे दोन झटके आलेच. त्यातला एक ऐन शिवजयंतीच्या प्रात्यक्षिकाआधी. व्यासपीठावर शौर्यावर भाषण चाललं होतं, लांबलचक. (शौर्यावरची भाषणं लाठी न धरलेली माणसंच का करतात, कळत नाही. वस्तादांच्या तोंडून तो शब्द मी आजवर ऐकलेला नाही.) मी नऊवारीत मांडवाच्या मागं खांब धरून उभी. वस्तादांनी एकदा बघितलं आणि लाठ्यांचा भारा माझ्यापुढं टाकला. "जरा मोजा बाई, किती हाईत." तेवीस होत्या. पुन्हा मोजायला लावल्या. दुसऱ्यांदाही तेवीसच भरल्या, तोवर आमचं नाव पुकारलं गेलं.

त्याच सुमारास दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. पोरींनी पेढे वाटले. वस्ताद म्हणाले, "आता पटांगणात एक दिवा लागला म्हंजे झालं."

पुढं जुलैत, २०२४च्या, पंचगंगेनं पुन्हा ४३ ओलांडले. संध्याकाळी मोरी बोलायला लागली. गुडगुड, थांबणं, पुन्हा गुडगुड. माझी छाती लगेच तिच्या तालावर. आधीच्या पावसाळ्यांत असं झालं की मी बाहेरच्या खोलीत पळायची आणि तिथून तो आवाज दसपट ऐकू यायचा. या वेळी न्हाणीघरात गेले, जाळीपाशी बसले. पाणी दिसत नव्हतं, नुसती हवा येत होती. ओलं पोतं कोंबलं, वर पाटा ठेवला आणि हात धुऊन सामान वर न्यायला लागले. कागदपत्रं, सिलिंडर, गाद्या. मग लाठी. ती जिन्याच्या वळणात आडवी अडकली. ना वर जाईना, ना खाली येईना. वरून सासूबाईंनी वाकून बघितलं.

"काठी काय आणाय लागलीस? आधी माझं डबं आण."