काठ फोटोबाहेर

जयपूरला आलात तर हवामहलापुढे सेल्फी काढून झाल्यावर आजूबाजूच्या साध्या दुकानांच्या भिंतीही बघा. गेरूसारख्या रंगावर पांढऱ्या रेघा दिसतील, प्रत्येक खिडकीला, कमानीला, कोनाड्याला. १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स इथे आले, त्यांच्या स्वागतासाठी महाराजा सवाई रामसिंह यांनी शहर रंगवून घेतलं. (याच महाराजांना फोटोग्राफीचा नाद, काचेच्या प्लेटवर स्वतः फोटो काढायचे.) गुलाबी रंगाचं कौतुक सगळेच करतात. मला विचाराल तर शहराला रूप येतं ते या पांढऱ्या काठामुळे. शिवाय तो खिडकी झाकत नाही, तिच्याभोवतीनं फिरतो.

मोबाइलवरच्या तयार फ्रेमा याच्या नेमकं उलट करतात. झेंडूची तोरणं, पणत्या, मोरपिसं सगळं फोटोवर चढवतात, आणि कडा त्याखाली जातात. आता सांगा, आपल्या घरच्या ग्रुप फोटोत कडेला कोण असतं? मधे आजी-आजोबा, नवरा-नवरी. कडेला "मी इथेच बरी" म्हणणारं माणूस. आमच्या काकू तशाच होत्या. त्या गेल्यावर भिंतीवर लावायला त्यांचा एकटीचा फोटोच निघेना. एका लग्नातला होता, तोही कुणीतरी दिवाळीची फ्रेम घालून ग्रुपवर टाकलेला. काकूंचा निम्मा चेहरा पणतीखाली! नशीब, मूळ फोटो चुलतदिरांच्या जुन्या फोनमध्ये सापडला.

जुने चित्रकार या बाबतीत शहाणे. मुघल दरबारातल्या चित्रांच्या अल्बममध्ये चित्र मोठ्या कागदावर बसवत आणि वेलबुट्टी त्या बाहेरच्या कागदावर काढत. या पट्टीला हाशिया म्हणतात. कॉम्प्युटरवरही तेच करायचं. गिम्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात 'कॅनव्हास साइज' म्हणून सोय असते. सहा बाय चार इंची प्रिंटसाठी फोटो १८०० बाय १२०० पिक्सेल धरा. कॅनव्हास २१०० बाय १५०० करा आणि फोटो मधोमध ठेवा. चारही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मोकळा मिळतो, आणि प्रिंट सात बाय पाचची निघते. फोटोतला एक कणही झाकला जात नाही. नुसता एकरंगी काठ हवा असेल तर त्या पट्टीत रंग भरा, झालं काम.

मला मात्र काकूंच्या लुगड्याचा नारळी काठ हवा होता. लुगडं सपाट पसरून खिडकीच्या उजेडात फोटो काढला, एक बुट्टी कापून घेतली, १५० बाय १५० पिक्सेलची केली. मग ती एकापुढे एक ठेवत गेलं की आडव्या बाजूला बरोबर १४ बसतात, उभ्या बाजूला १०. इथपर्यंत सोपं आहे.

कोपरा मात्र अवघड. लुगड्याचा काठ सरळ जातो, त्याला वळावं कधी लागतच नाही. फोटोभोवती चार वेळा वळायचं! याचं उत्तर जयपूरजवळच्या सांगानेरमध्ये मिळतं. कापडावर ठसे मारणारे कारागीर कोपऱ्याशी आले की तिथे एक कागद तिरका ठेवतात. ठसा अर्धा कापडावर उमटतो, अर्धा कागदावर. मग कागद फिरवून दुसऱ्या बाजूनं तसंच. दोन अर्धे ठसे तिरक्या रेघेवर भेटतात.

तुम्हीही आडवी आणि उभी पट्टी वेगवेगळ्या लेयरवर ठेवा, उभी पट्टी ९० अंशांत फिरवून घ्या, आणि दोघींची टोकं ४५ अंशांत कापा. सांधा मोठा करून नीट बघा. केसभर फट राहिली तर प्रिंटमध्ये पांढरी दिसते. चार कोपऱ्यांना मला एक अख्खी दुपार लागली. तो फोटो आता देवघराशेजारी आहे. त्यात काकू अजून कडेलाच उभ्या आहेत, पण पूर्ण दिसतात, हातातल्या अक्षतांसकट.