थोडक्याचे अर्पण : भिवपुरीतली टिपणे

मार्काच्या बाराव्या अध्यायात येशू मंदिराच्या भांडारासमोर बसतो आणि लोक पैसे कसे टाकतात ते पाहतो. श्रीमंत पुष्कळ टाकतात. एक गरीब विधवा येते आणि दोन टोल्या टाकते. त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार होती. तिच्या दोन टोल्या त्या दिनाराचा चौसष्टावा भाग. आज आपल्याकडे पाचशे रुपये रोज धरला तर ते आठ रुपयेही भरत नाहीत.

दानाच्या रविवारी हा उतारा हमखास वाचला जातो, पण वाचन थोडे उशिरा सुरू होते. अगदी आधीच्या ओळीत येशूने विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना धारेवर धरले आहे. आणि तेराव्या अध्यायाच्या आरंभीच तो सांगतो की या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. त्याने स्तुती केली ती त्या बाईची. तिच्याकडून घेणाऱ्या व्यवस्थेची केली नाही. गरिबाच्या कनवटीचे शेवटचे नाणे सोडवण्यासाठी पाळकाने ही गोष्ट सांगावी हे मला पाप वाटते. टीव्हीवरचे काही उपदेशक ‘इतके पेरा, शंभरपट मिळेल’ असे सांगतात तेव्हा मला शास्त्र्यांची ती ओळ आठवते. त्या विधवेला परत काय मिळाले हे मार्क सांगतच नाही.

*

दिवाळीच्या आसपास इकडची भातकापणी उरकते. झोडणी झाली की आमच्या लहानशा मंडळीत हंगामाचा सण होतो. नवे तांदूळ, तांदळाचे पीठ, दुधी, केळीचा घड, पायांना सुतळी बांधलेला एखादा कोंबडा. उपासना संपली की लिलाव. अंड्यावर बोली लागते, घेणारा पैसे भरतो आणि अंडे परत ताटात ठेवतो, पुन्हा बोली लागते. एकच अंडे तीनचार घरांचे दान घेऊन येते. ज्या आजीने ते आणले ती बोलीत नसते. तिच्याजवळ अंडे होते, तिने आणले. आणून ठेवले की ती मागे जाऊन बसते. लिलावाची रक्कम पुकारली जाते तेव्हाही तिचे लक्ष नातवाकडे असते.

*

पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. पण त्या ज्याच्याजवळ होत्या तो मुलगा फक्त योहानात आहे, आणि भाकरी जवाच्या होत्या हेही योहानच सांगतो. जव म्हणजे गरिबाचे धान्य. फिलिप्प आधी हिशेब मांडतो, दोनशे दिनारांच्या भाकरीही पुरणार नाहीत. दोनशे दिवसांची मजुरी! हिशेबात चूक काही नाही. आंद्रिया मुलाला दाखवतो आणि लगेच विचारतो, इतक्यांना हे कसे पुरणार? त्याचेही खरेच.

मुलगा काय बोलला हे कुठेच नाही. त्याने आनंदाने दिले की त्याच्या हातून घेतले गेले, आईने विचारल्यावर त्याने काय सांगितले, काही कळत नाही. चमत्काराच्या आधी येशूने त्या भाकरी हातात घेऊन देवाचे आभार मानले. पाच हजारांसमोर, पाच भाकरींबद्दल. मला या गोष्टीत सर्वांत मोठे हेच वाटते. कमी आहे म्हणून तो खंतावला नाही, मुलाला अजून आण असे म्हणाला नाही. आणि शेवटी उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरल्या.

*

पंडिता रमाबाईंविषयी आपण बोलतो ते केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातल्या मुली, बायबलचे भाषांतर असे. त्याच्या पायाशी दरसाल एका डॉलरची वर्गणी आहे हे फारसे बोलले जात नाही. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अमेरिकेत गावोगावी तिची मंडळे निघाली, आणि सभासदांनी दहा वर्षे दर वर्षी एक डॉलर द्यायचे वचन दिले. त्या पैशांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले.

डॉलर देणाऱ्या बायांच्या मनात बालविधवांची शाळा होती. दुष्काळ नव्हता. पण १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातूनही आणल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, माग आले, छापखाना आला, आंधळ्या मुलींचे शिक्षण सुरू झाले. दहा वर्षांची मुदत संपली त्या सुमारास रमाबाईंची मदार माणसांच्या वचनांवरून प्रार्थनेवर गेली होती. प्रार्थनेवरच विसंबून अनाथाश्रम चालवणाऱ्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र त्यांनी वाचले होते. पण मला वाटते, प्रार्थनेवर विसंबायचे बळ त्या एकेका डॉलरनेही त्यांना दिले असेल. दहा वर्षे अनोळखी हातांतून थोडेथोडे येत राहिलेले ज्याने पाहिले, त्याला देव कशातून देतो हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

भाषांतराचेही तसेच. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेले मराठी बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींनी खिळे जुळवून छापले. दुष्काळातून वाचलेल्या पोरी बायबलची अक्षरे जुळवत होत्या! रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. पूर्ण ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये. आपल्या बहुतेक देवळांत आज तो वाचला जात नाही. मग ते कष्ट फुकट गेले काय? ज्या मुलीने एकेक खिळा उचलला तिला वाचता येऊ लागले, हाताला काम आले, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचे पुस्तक तिच्या बोटांखालून गेले. ते अर्पण देवाने तिथेच, त्या खोलीतच वापरले असेल. मला ते पुरेसे वाटते.

*

मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका शंभराहून अधिक वर्षे एक रीत पाळत आल्या आहेत. भात शिजवताना आधी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढायचे. ते गोळा होतात, विकले जातात, त्यावर मंडळीचे काम चालते. तिथे अर्पणाला रविवार उजाडायची गरज नाही, दोन वेळच्या चुलीशी ते होते. आपल्याकडेही हे सहज जमेल. तांदूळ तर आपल्या घरीच पिकतो.

*

भिवपुरीचे वीजघर १९२२ मध्ये सुरू झाले. घाटावर आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण बांधले, तिथले पाणी नळांतून खाली सोडले, वीज मुंबईला नेली. एवढाच हेतू होता. पण जनित्रे फिरवून झालेले पाणी पेज नदीत उतरते, राजनाल्याने शेतांत जाते, आणि बाकीचे कोकण उन्हाळ्यात करपलेले असताना कर्जतकडे उन्हाळी भात हिरवागार उभा असतो. देणाऱ्याला ठाऊक असलेल्या कामापलीकडे देव दान कसे नेतो हे मुलांना सांगताना मी या पाण्याचा दाखला देतो.

दाखला एका ठिकाणी थांबतो, तेही मुलांना सांगतो. धरणाखाली कुणाची तरी जमीन गेली. त्याच सुमारास, १९२१ मध्ये, मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि मावळे सत्याग्रहाला उभे राहिले होते. हिरावून घेतलेल्याला अर्पण म्हणायचे नाही. पौलही करिंथकरांना सांगतो की देणे मनापासून असावे, जुलमाने नव्हे.

*

सगळ्यांत अवघड दान वेळेचे. पहाटेच्या कर्जत लोकलने जाणारा आणि अंधार पडल्यावर भिवपुरी रोडला उतरणारा माणूस मंडळीला काय देणार? आमच्यातला एक जण रविवारी दुपारी वाडीवरच्या पोरांना घेऊन बसतो. एक गोष्ट, दोन गाणी, थोडे पाढे. आठवड्यातली त्याची झोपेची तेवढीच दुपार. पावसाळ्यात ओढा भरला की पोरे येत नाहीत, तरी तो जातो. यातून काय निघाले असे त्याला मध्यंतरी कुणी विचारले. तो म्हणाला, ‘एकाला बाराचा पाढा येतो.’ हे सांगताना त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो मी पाहिला आहे.

*

देवावर भरवसा म्हणून हिशेब ढिला, असे मात्र नको. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम पौलाने एकट्याच्या हाती ठेवली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसे दिली, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी तर कमालीच्या गरिबीतून दिले होते, आणि तसे पैसे फार जपून हाताळावे लागतात. यंदा हंगामाच्या लिलावाचा हिशेब मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावायचा असे ठरले आहे. रक्कम वाडीवरच्या मुलांच्या वह्यांसाठी आणि छत्र्यांसाठी. आजीचे अंडे त्यात पहिल्या ओळीत लिहायचे, मग तांदूळ, मग बाकीचे.