सोळा मतं कमी पडली!

कॉलेजात असताना फुकटात वेबसाइट बनवायचा उद्योग तुम्ही केला असेल, तर ‘डॉट टीके’ हे शेपूट नक्की आठवत असेल. फेस्टची साइट, बँडची साइट, प्रेमभंगानंतर काढलेला कवितांचा कोपरा, सगळ्यांच्या मागे टीके. हे टीके म्हणजे टोकेलाऊ. पॅसिफिक महासागरातली तीन चिमुकली बेटं. एके काळी या शेपटाची दोन कोटींहून जास्त नावं नोंदलेली होती आणि खऱ्याखुऱ्या बेटांवर माणसं होती दीड हजाराच्या आसपास! नावांची ही फुकट खिरापत २०२३ मध्ये थांबली. बेटं आहेत तिथंच आहेत. आणि त्यांची सगळ्यात भारी गोष्ट इंटरनेटची नाहीच, निवडणुकीची आहे.

आधी तिथं जायचं कसं, ते बघू. विमानाची तिकिटं शोधू नका, टोकेलाऊला विमानतळच नाही. सामोआची राजधानी आपिया गाठायची, तिथल्या टोकेलाऊच्या ऑफिसातून परवानगी घ्यायची आणि बोटीत बसायचं. उत्तरेला पाचशेएक किलोमीटर. किमान एक दिवस आणि एक रात्र, समुद्राचा मूड बिघडला तर जास्तच. पोचल्यावरही बोट धक्क्याला लागत नाही, कारण मोठ्या बोटीसाठी बंदर नाही. ती प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबते आणि माणसं, सामान, पोती सगळं छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर उतरतं.

समोर दिसते ती नारळाच्या झाडांची एक रांग. बस्स. आटाफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तिन्ही कंकणद्वीपं. म्हणजे मध्ये निळंशार शांत पाणी आणि भोवती तुटक्या बांगडीसारखी जमीन. तिन्हींची जमीन मिळून साधारण १२ चौरस किलोमीटर आणि समुद्रसपाटीपासूनची उंची जास्तीत जास्त पाच मीटर. एखादी दोन मजली इमारत त्याहून उंच असते! मॉल, पब, मल्टिप्लेक्स विसरा. वीज मात्र एकदम आधुनिक. २०१२ मध्ये डिझेलचे जनरेटर बाजूला सारून या बेटांनी जवळपास सगळी वीज सूर्यापासून मिळवायला सुरुवात केली.

आता राजकारण. १९२६ पासून टोकेलाऊचा कारभार न्यूझीलंडकडे आहे. लोक न्यूझीलंडचे नागरिक, खिशात न्यूझीलंडचाच डॉलर. न्यूझीलंडनं नेमलेला एक प्रशासक असतो. जसिंडा आर्डर्न न्यूझीलंडच्या पंतप्रधान असताना काही वर्षं हे पद त्यांच्या वडिलांकडे, रॉस आर्डर्न यांच्याकडे होतं. पण रोजचा कारभार बेटांच्याच हातात आहे आणि १९९६ पासून कायदे करायचा अधिकारही त्यांच्या संसदेला, म्हणजे जनरल फोनोला, आहे.

दर तीन वर्षांनी जानेवारीत निवडणूक होते. २०२० मध्ये झाली, २०२३ मध्ये झाली. पक्ष नाहीत, त्यामुळे झेंडे नाहीत, आघाड्या नाहीत, पक्षांतर नाही. प्रत्येक बेट आपला एक फाइपुले, म्हणजे पुढारी, निवडतं. एक पुलेनुकू निवडतं, तो गावचा कारभार बघतो. शिवाय संसदेत बसायला प्रतिनिधी. मग तिघा फाइपुलेंपैकी देशाचा प्रमुख कोण? तिघंही! एकेक वर्ष, आळीपाळीनं. २०२३ मध्ये आटाफूचे केलिहियानो कालोलो, २०२४ मध्ये नुकुनोनूचे आलापाती तावीते, २०२५ मध्ये फाकाओफोचे एसेरा फोफो तुइसानो. ज्याचं वर्ष, त्याच्या बेटावर सत्तेचं ठाणं. कायमची राजधानी म्हणून नाहीच.

ही वाटणी कुठून आली, ते किनाऱ्यावर कळतं. इथं ‘इनाती’ नावाची पद्धत आहे. गावानं मिळून धरलेले मासे किनाऱ्यावर मांडले जातात आणि घरात माणसं किती, त्या हिशेबानं प्रत्येक घराला वाटा मिळतो. ज्याच्या घरातून कुणीच समुद्रावर गेलं नाही, त्यालाही. सत्तेची वाटणीही काहीशी तशीच.

पण एक गोष्ट अशी वाटता आली नाही. स्वातंत्र्य. म्हणजे अगदी संपूर्ण नाही, न्यूझीलंडशी नातं ठेवून स्वशासन. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यावर सार्वमत झालं. मतपेटी आधी आपियात फिरली, मग बोटीनं एकेका बेटावर गेली. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक होतेच. दोन तृतीयांश मतं हवीत ही अट कुणी लादलेली नव्हती, टोकेलाऊनं स्वतःच घातली होती. ६० टक्के लोक ‘हो’ म्हणाले. ते पुरलं नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये पुन्हा मतदान झालं. ६९२ पैकी ४४६ मतं ‘हो’ची. हवी होती ४६२. सोळा मतं कमी पडली!

लोक ‘नाही’ का म्हणाले असतील? घाबरट म्हणून? मला तसं वाटत नाही. शिकायला, नोकरीला, मोठ्या आजारपणाला न्यूझीलंड लागतं. नागरिकत्व आणि मदत चालूच राहील, असं ठरलेलं होतं. पण कागदावरचं आश्वासन आणि मनातली खात्री यांत फरक असतो. शिवाय तिथल्या २०१८ च्या जनगणनेत टोकेलाऊ वंशाचे साडेआठ हजारांवर लोक मोजले गेले, म्हणजे बेटांवरच्या कितीतरी पट. सार्वमतात त्यांना मत नव्हतं. बेटावर शिक्का मारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र तेच असणार: वेलिंग्टनजवळ राहणारी मुलगी, नातवंडं. आणि पाच मीटर उंचीच्या जमिनीवर राहणाऱ्याला समुद्र चढतोय हे सांगावं लागत नाही. अशा वेळी दुसऱ्या घराचं दार कोण लावून घेईल?

तरीही ४४६ जणांनी ‘हो’ म्हटलं, हेही खरंच.

आपल्याकडे निकाल लागला की विरोधी मत देणारा कुणी अनोळखी माणूस असतो. त्याला शिव्या घालून आपण मोकळे. साडेसहाशे-सातशे मतदारांच्या जगात ही सोय नाही. ‘नाही’ म्हणणारा शेजारी असतो, मामा असतो, कदाचित होडीत आपल्याबरोबर वल्हं मारणारा असतो. आणि पुढच्या वेळी मासे किनाऱ्यावर मांडले जातात, तेव्हा वाटा करताना माणसं मोजतात, मतं नाही.