नळी शाबूत आहे

पॉइंट 22 ची जुनी रायफल नेम धरत नाही म्हणून ती निकालात काढू पाहणाऱ्यांना माझे एकच सांगणे असते : आधी बोल्ट काढा आणि नळीतून उजेडाकडे बघा. या रायफली दुरुस्त होताना आणि नेमबाजीच्या बटवर चालताना जे पाहत आलो, त्यावरून माझे मत पक्के झाले आहे की दोष नळीत क्वचितच असतो. याचे कारण काडतुसातच आहे. 1887 पासून चालत आलेल्या लाँग रायफल काडतुसाची गोळी मऊ शिशाची, जेमतेम अडीच ग्रॅमची. तिचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास आणि दाब लष्करी काडतुसाच्या निम्म्याहूनही कमी. अशा गोळीने पोलादातले आटे झिजायला हजारो फैरी झाडाव्या लागतात. नळी नासते ती माणसाच्या हयगयीने. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचे. ते जळल्यावर मागे राहणारा क्षार हवेतला ओलावा ओढतो आणि नळीला आतून खड्डे पाडतो. हा क्षार तेलाने जात नाही, पाण्यानेच विरघळतो. तेल चोपडले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांच्या रायफली म्हणूनच आतून गेल्या. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात गंज न आणणारे प्रायमर येऊ लागले आणि हे संकट ओसरले. दुसरे संकट मात्र आजही आहे. नळी साफ करायच्या पुलथ्रूची दोरी तिरकी ओढली की नळीचे तोंड एका बाजूने घासते, आणि गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श होतो तो त्या तोंडाशीच.

ज्या रायफलीला लोक ‘फेकते’ म्हणतात, तिच्यात बहुधा दस्ता सैल झालेला असतो. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते आणि पावसाळ्यात फुगते. दस्त्याचे स्क्रू ढिले पडतात, प्रत्येक फैरीनंतर लोखंड लाकडात किंचित सरकते आणि गोळ्या विखुरतात. खंडेनवमीला शस्त्र पुसून, तेल लावून, हळदकुंकू वाहून पुन्हा कपाटात ठेवायची आपली रीत मला मनापासून प्रिय आहे. पण वर्षानुवर्षे दस्त्यात मुरलेले तेल लाकूड मऊ करते, हेही जाणले पाहिजे. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे चेंबरचा दबलेला काठ. या काडतुसात पेटवणारा मसाला तळाच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिनही कडेवरच बसते. रायफल रिकामी चालवत राहिले की ती पिन थेट पोलादावर आदळते. मग काडतूस नीट बसत नाही, घाव उथळ पडतो आणि राउंड वाया जातो. दबलेला काठ पूर्ववत करणे, पिन किंवा स्प्रिंग बदलणे, स्क्रू योग्य ताणाने आवळणे ही जाणत्या कारागिराची कामे आहेत. त्यासाठी नवी नळी लागत नाही.

हे घरी करू नये, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि नळी कापून आखूड करायला कलम 6 आडवे येते. म्हणून मी बाजू मांडतो आहे ती परवानाधारक कारागिराकडून होणाऱ्या दुरुस्तीची. दुसरी भीती आपल्या हिंगोली जिल्ह्यात अधिक खरी आहे : दुरुस्त झालेली रायफल रानडुकरांवर आणि रोह्यांवर चालेल. शेतकऱ्याचे नुकसान मी नाकारत नाही. पण 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तर आहेच, शिवाय एवढीशी गोळी रानडुकराला जागीच न मारता जखमी करून हालहाल करते. या भीतीवरचा उपाय रायफल मोडीत काढणे नव्हे. ती क्लबच्या किंवा एनसीसीच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, राहावी, बोल्ट वेगळ्या कुलपात असावा आणि राउंडचा हिशेब लिहिला जावा.

एअर रायफल असताना ही कटकट कशाला, असेही विचारले जाते. एअर रायफलने शिकायला सुरुवात करावी, याबद्दल वाद नाही. पण दहा मीटरवर, बंद दालनात, वारा नसतो. स्वप्नील कुसाळे या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या मुलाने 2024 मध्ये पॅरिसला 451.4 गुणांसह कांस्य जिंकले, ते पन्नास मीटरवर, याच लहान काडतुसाने. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, त्याही पन्नास मीटर प्रोन प्रकारात. तिथे दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे असते. जुनी रायफल त्या पातळीला पोहोचणार नाही, हे उघड आहे. ऑलिम्पिकच्या रायफलीची किंमत काही लाखांत जाते. पण पंचवीस यार्डांवर श्वास, चाप आणि साइट यांचा मेळ बसवायला, गोळ्यांचा ग्रुप बांधायला जुनी रायफल पुरेशी आहे. आपल्या मुलांनी नव्या रायफलीची वाट पाहत बसावे, हे मला पटत नाही.

कायद्यानेही या लहान रायफलीला कधीकाळी वेगळे स्थान दिले होते. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला हत्यारांच्या संख्येच्या मर्यादेतून जी सूट होती, तिच्यात एअर रायफलीबरोबर पॉइंट 22 चेच नाव होते. 2019 च्या दुरुस्तीने ती सूट कोणत्याही अग्निशस्त्राला मिळाली. मात्र त्याच दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोनवर आली. घरात रिव्हॉल्व्हर, बाराबोरची बंदूक आणि आजोबांची पॉइंट 22 असेल, तर यांतले कोणते हत्यार जमा होणार हे सांगायला नको. अशी रायफल एखाद्या क्लबकडे कायदेशीर मार्गाने हस्तांतरित व्हावी, असे मला वाटते. हिंगोली एकेकाळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. आज राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 इथेच आहे. हत्यारे सांभाळण्याची शिस्त या गावाला बाहेरून आणावी लागणार नाही. निदान एवढे व्हावे, की कोणतीही पॉइंट 22 मोडीत काढण्याआधी आर्मररने तिचे स्क्रू आवळावेत, नळीचे तोंड तपासावे आणि पंचवीस यार्डांवर कागदावर पाच राउंड मारून पाहावेत.