काटकसरीची मर्यादा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅलिफोर्नियात धाकट्या भावाकडे राहण्याचा योग आला. मी मराठीचा शिक्षक. यंत्रविद्येशी माझा परिचय सायकलीपुरताच. भावाकडे मात्र १९७१ ची डॅटसन २४०झेड ही दोन आसनांची मोटार होती. तिच्या थकलेल्या स्प्रिंगा काढून, गाडीची उंची कमीअधिक करता येईल अशी नवी रचना तो घरीच करीत होता. तयार संच महाग, म्हणून हा खटाटोप.

दबलेली स्प्रिंग निसटली तर जिवावर बेतते. म्हणून ती शिकंज्यात आवळून त्याने जपून काढली. चाकावरील उभ्या नळीची जुनी बैठक कापली, तेथे आधाराचे कडे कसबी कारागिराकडून जोडून घेतले, त्यावर आटे पाडलेली अॅल्युमिनियमची नळी चढविली आणि अडीच इंच व्यासाची ताठ स्प्रिंग बसविली. आट्यांवरचे चाक फिरविले की गाडी वर-खाली होई.

काम संपले. मी गाडीचा कोपरा दाबून सोडला, तर ती नाचतच राहिली.

“अरे, ही थांबत का नाही?”

तो ओशाळला. “दादा, शॉकअब्सॉर्बर जुनेच ठेवले. तेवढेच पैसे वाचले.”

स्प्रिंग धक्का झेलते. तिचा झोका शमविणे हे शॉकअब्सॉर्बरचे काम. ताठ स्प्रिंगेला तर तो अधिकच समर्थ हवा. आणि याच गाडीतून माझी पुतणी महाविद्यालयात जाणार होती!

नवे येईपर्यंत गाडी दारातच उभी राहिली. काटकसर आपल्या श्रमाने करावी, दुसऱ्याच्या जिवावर करू नये, हे आम्ही दोघेही त्या दिवशी शिकलो.